व्यसनमुक्तीची औषधे : उपयोग, मर्यादा आणि रुग्णाची संमती

सुरत शहराच्या दक्षिणेस सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर, मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गावर सचिन हे गाव आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेस १७९१ मध्ये मिळालेले हे लहानसे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले व १९६० मध्ये गुजरात राज्याचा भाग बनले. आज हे गाव ओळखले जाते ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई आणि रसायने यांचे कारखाने येथे आहेत. सचिन व त्याच्या आसपासच्या पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. उधना-जळगाव लोहमार्गाने त्यांचे गावाकडे जाणे-येणे सतत चालू असते.

या मार्गावरील नवापूर स्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हाच दोन्हीकडील कायद्यांचा मूळ आधार आहे. तथापि महाराष्ट्रात परवान्याने दारू मिळते, तर गुजरातमध्ये तिला बंदी आहे. सुटीत गावी गेलेला, तेथे रोज पिणारा कामगार गाडीत बसून सचिनला परततो, तेव्हा त्याची दारू एकाएकी तुटते. कधी त्याला चोरटी गावठी दारू मिळते, कधी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पाळीवर उभा असताना त्याचे हात थरथरू लागतात. अशा वेळी घरच्या माणसांनी काय करावे, कोणते औषध उपयोगी पडते आणि कोणते घातक ठरते, याची माहिती प्रत्येक वस्तीत असणे अगत्याचे आहे.

व्यसन हा आजार आहे

दारूचे व्यसन म्हणजे मनाचा कमकुवतपणा, अशी समजूत अद्यापि रूढ आहे. वैद्यकशास्त्राचे मत निराळे आहे. दीर्घकाळ रोज दारू घेतल्याने मेंदूच्या कार्यात बदल होतात. मेंदूस शांत करणाऱ्या दारूच्या परिणामाशी जुळवून घेण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू थांबली की ही वाढलेली उत्तेजना मोकळी सुटते. माणसाने कितीही शपथा घेतल्या तरी ही शारीरिक क्रिया शपथेने थांबत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केलेला आहे.

केंद्र शासनाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेमार्फत केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी अवघ्या एकीस कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात, असे त्यात आढळून आले. उरलेल्यांच्या वाट्यास बहुधा उपदेश, मारहाण, अंगारे-धुपारे किंवा जाहिरातीतली पूड येते.

पहिला आठवडा

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली की सहा ते बारा तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, मळमळते, छाती धडधडते व झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत काहींना आकडी येते. चालू यंत्रमागाजवळ किंवा रंगाच्या हौदापाशी आकडी आली तर होणारा अनर्थ सांगावयास नको. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होतो. ते माणसे ओळखत नाहीत, नसलेले प्राणी वा किडे त्यांना दिसतात, ताप चढतो. बाहेरची बाधा समजून अशा रुग्णास मांत्रिकाकडे नेण्यात मोलाचे तास वाया जातात. हा भ्रम वेळीच उपचार न झाल्यास प्राणघातक ठरू शकतो.

या अवस्थेवर खात्रीचे औषधोपचार उपलब्ध आहेत. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या गटातील औषधे मेंदूची वाढलेली उत्तेजना शमवितात. यकृत बिघडलेले असल्यास डॉक्टर लोराझेपामसारखे औषध निवडतात. प्रारंभी पुरेशी मात्रा देऊन ती सुमारे आठवडाभरात क्रमाक्रमाने उतरवीत बंद केली जाते. याच गोळ्यांचीही सवय लागू शकते. म्हणून त्या दुकानातून परस्पर आणून घेणे किंवा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणणे सर्वथैव टाळावे.

दुसरे महत्त्वाचे औषध म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. दारूवर राहणाऱ्या व नीट न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात त्याचा तुटवडा असतो. त्यामुळे मेंदूस कायमची इजा होऊन स्मरणशक्ती नष्ट होण्याचा संभव असतो. अशक्तपणा दिसला की ग्लुकोजची बाटली लावून घेण्याकडे लोकांचा कल असतो. मात्र अशा रुग्णास ग्लुकोज देताना थायमिन आधी वा बरोबरच दिले पाहिजे. म्हणून रुग्ण दारू पिणारा आहे, ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

ज्यास पूर्वी आकडी वा भ्रम झाला आहे, ज्याचे वय अधिक आहे किंवा ज्यास यकृताचा, हृदयाचा अथवा अन्य गंभीर आजार आहे, त्याची दारू घरी तोडण्याचा प्रयत्न करू नये. त्यास रुग्णालयातच दाखल करावे.

डायसल्फिराम : रबराच्या कारखान्यातून आलेले औषध

दारू सुटल्यानंतर ती पुन्हा सुरू होऊ नये यासाठी जी औषधे दिली जातात, त्यांत डायसल्फिराम सर्वांत जुने आहे. हे रसायन मूळचे रबर उद्योगातील. ते हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असे अमेरिकेतील एका कारखान्याच्या डॉक्टरांनी १९३७ मध्ये नोंदविले होते. पुढे कोपनहेगन येथील येन्स हाल्ड व एरिक याकोबसेन हे संशोधक जंतांवरील औषध म्हणून त्याची परीक्षा करीत असता त्यांनाही स्वतःच्या शरीरावर तोच अनुभव आला. १९४८ मध्ये त्यांनी व्यसनावरील उपचार म्हणून त्याची माहिती प्रसिद्ध केली.

शरीरात दारूचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते व मग यकृत ते निरुपद्रवी करून टाकते. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडविते. परिणामी गोळी घेणाऱ्याने दारू घेतल्यास विष साठते. तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. क्वचित प्रसंगी मृत्यूही ओढवतो. म्हणून शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास, शक्य तर पूर्ण दिवस गेल्याखेरीज हे औषध सुरू करीत नाहीत. ते बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत दारूचा धोका राहतो. खोकल्याची काही औषधे व टॉनिके यांतही मद्यार्क असतो, हे ध्यानात ठेवावे. हृदयविकार, यकृताचा गंभीर विकार किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्यांना हे औषध देत नाहीत.

असे असले तरी ज्याने समजून-उमजून दारू सोडण्याचा निश्चय केला आहे, त्याला या गोळीचा चांगला आधार होतो. पत्नी किंवा घरातील अन्य विश्वासाच्या व्यक्तीच्या देखत रोज सकाळी गोळी घेतली, तर दिवसभरातील मोह टाळण्याचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो.

चहातून दिलेली पूड

येथेच एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. ‘रुग्णास न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांत व आता दूरध्वनीच्या पडद्यावरही दिसतात. गांजलेल्या गृहिणी विश्वासाने अशा पुड्या आणून चहात किंवा भाजीत मिसळतात. त्या पुडीत काय आहे हे विकत घेणाऱ्यास ठाऊक नसते. तीत डायसल्फिराम असेल, तर पतीने त्याच रात्री दारू घेतल्यावर काय घडेल याचा विचार करावा. त्याला उलट्या होतात, तो कोसळतो. आपल्या पोटात औषध आहे हे त्याला माहीत नसते, म्हणून तो डॉक्टरांनाही सांगू शकत नाही. पत्नी भीतीने गप्प राहते. दारूच विषारी होती की काय, या शंकेत उपचाराची दिशाच चुकण्याचा संभव असतो.

या स्त्रीचा हेतू वाईट नसतो. संसार वाचविण्याचा तो तिचा अखेरचा प्रयत्न असतो. म्हणूनच तिला दोष न देता योग्य मार्ग दाखविणे हे जाणत्यांचे काम आहे. रुग्णाला औषधाची पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घेतल्यानंतरच ते सुरू करावे, हा वैद्यकाचा नियम आहे आणि कायद्याचाही तोच दंडक आहे. पती तयार नसेल, तर पत्नीने एकटीने जाऊन मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. रुग्णाला उपचारास कसे राजी करावे, हाही त्या सल्ल्याचाच भाग असतो. पुडी आधीच दिली गेली असेल आणि पती आजारी पडला, तर डॉक्टरांना ती गोष्ट ताबडतोब व स्पष्टपणे सांगावी, उरलेली पुडी दाखवावी.

ओढ कमी करणारी औषधे

शिक्षेच्या भीतीवर न चालणारी औषधेही आता उपलब्ध आहेत. नाल्ट्रेक्सोन हे औषध दारूपासून मेंदूस मिळणारा आनंद बोथट करते. त्यामुळे ‘एक पेला’ घेतल्यावर पुढे वाहवत जाण्याचे प्रमाण घटते. अकॅम्प्रोसेट हे औषध दारू सुटल्यानंतर दीर्घकाळ राहणारी अस्वस्थता कमी करते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांत जपून वापरतात. नाल्ट्रेक्सोन देताना यकृताची तपासणी करतात, आणि अफूजन्य औषधे घेणाऱ्यास ते देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट केली. यकृत बिघडलेल्या काही रुग्णांना डॉक्टर बॅक्लोफेन देतात. तेही एकाएकी बंद करता येत नाही.

या औषधांकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेता असे दिसते की, अकॅम्प्रोसेट घेणाऱ्या सुमारे अकरा-बारा रुग्णांमागे एक जादा रुग्ण दारूपासून दूर राहतो. हा लाभ लहान वाटला तरी त्या एका कुटुंबाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. औषध सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते व त्याला समुपदेशनाची जोड हवी. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राचा भरही उपचारांसोबत समुपदेशन, सोबत्यांचा आधार व कुटुंबाचा सहभाग यांवर राहिला आहे. मधेच एखादे वेळी पुन्हा दारू घेतली गेली, तर सारे फुकट गेले असे समजू नये. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी उपचार सोडून देत नाही.

अन्य व्यसने

ब्राउन शुगर, अफूजन्य गोळ्या किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांच्या व्यसनावर ब्यूप्रेनॉर्फिन व मेथाडोन ही औषधे देखरेखीखाली दिली जातात. एका व्यसनाच्या जागी दुसरे, असा आक्षेप त्यांवर घेतला जातो. परंतु नियमित मात्रेमुळे तलफ थांबते, सुईवाटे होणारे रोग टळतात व माणूस कामावर जाऊ शकतो. अतिसेवनाने श्वास मंदावल्यास नॅलॉक्सोनचे इंजेक्शन प्राण वाचविते. अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, सेवनाचा वा अल्प प्रमाण बाळगण्याचा आरोप असलेल्या व्यसनीने शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

तंबाखू, मशेरी व गुटखा सोडण्यासाठी निकोटिनयुक्त च्युइंगगम व पट्ट्या, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन ही औषधे उपयोगी पडतात.

विषारी दारूचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये शंभराहून अधिक आणि गुजरातमधील बोटाद परिसरात २०२२ मध्ये चाळीसहून अधिक माणसे अशा दारूने दगावली. दारू प्यायल्यानंतर अंधुक दिसू लागणे, पोटात तीव्र दुखणे वा धाप लागणे ही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भीतीने दवडलेला प्रत्येक तास दृष्टी व प्राण यांवर बेततो.

उपचार कोठे मिळतील

सचिन परिसरातील रुग्णांना सुरतचे शासकीय नवीन सिव्हिल हॉस्पिटल व महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथील मनोविकार विभागांत जाता येईल. गावाकडे असताना धुळे, जळगाव व नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळची आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहेत. रुग्णाची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यातील कलम २३ ने दिलेला आहे. दोन गावी राहणाऱ्या कामगाराने उपचाराची चिठ्ठी व औषधे नेहमी जवळ बाळगावीत, म्हणजे गाव बदलले तरी उपचारात खंड पडत नाही.

शिक्षक व गावकारभाऱ्यांचे काम

वर्गात पेंगणारे, वारंवार गैरहजर राहणारे मूल हे पुष्कळदा घरातील दारूचे पहिले चिन्ह असते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील शिक्षकांनी अशा मुलाच्या आईस विश्वासात घेऊन रुग्णालयाचा पत्ता सांगावा. कारखान्यातील मुकादमाने हात थरथरणाऱ्या कामगारास यंत्रापासून दूर करून डॉक्टरांकडे पाठवावे, तडकाफडकी कामावरून काढू नये. खानदेशातील ग्रामपंचायतींनी दारूबंदीचा ठराव करताना, जे रोज पितात त्यांच्या उपचाराची व्यवस्था आधी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत लावून घ्यावी. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात : रोजची दारू डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकाएकी तोडू नये, आणि कोणतीही पुडी कोणालाही न सांगता देऊ नये.