मांजराच्या उवा माणसाला होतात का?

शीव कोळीवाड्यात मासळीची पाटी उतरली की पहिले गिऱ्हाईक मांजर. मुले त्याला मांडीवर घेतात, कधी अंथरुणातही. मग मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या की ठपका मांजरावर येतो आणि त्याला दूर कुठेतरी सोडून देण्याची भाषा सुरू होते.

मांजर निर्दोष आहे. मुलीच्या डोक्यातली ऊ माणसाचेच रक्त पिते आणि डोक्याला डोके लागले की पसरते. मांजराची ऊ निराळी. शास्त्रीय नाव फेलिकोला सबरोस्ट्रेटस. लांबी जेमतेम सव्वा मिलिमीटर, रंग पिवळसर. ती रक्त पीत नाही, त्वचेचा कोंडा कुरतडते. तिच्या त्रिकोणी डोक्याला खालून एक खाच असते. मांजराचा केस तिच्यात नेमका बसतो. चुकून माणसाच्या अंगावर आलीच, तरी तिथे तिचा संसार होत नाही.

धडधाकट मांजराच्या अंगावर या उवा फारशा टिकत नाहीत. त्याच्या जिभेवरचे काटे फणीचेच काम करतात. म्हातारपण, आजार किंवा दातदुखीने चाटणे थांबले की उवा वाढतात. म्हणजे उवा हे बहुधा दुसऱ्याच दुखण्याचे लक्षण. मात्र मांजराचे तोंड उघडून पाहण्याचा उद्योग घरी करू नये. चावा बसला तर रेबीजच्या लसीसाठी धावावे लागते.

जिवावर बेततो तो घरगुती उपाय. माणसाच्या उवांसाठी किंवा खरजेसाठी आणलेले पर्मेथ्रिन उरलेले असते, तेच मांजराला चोळले जाते. मांजराच्या यकृताला हे औषध नीट निकामी करता येत नाही. अंग थरथरते, झटके येतात, मांजर दगावूही शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे पर्मेथ्रिनचे थेंब तर कितीतरी जहाल. फिनेल, रॉकेलही नको. मांजर ते चाटून पोटात घेते. पशुवैद्य वय-वजन पाहून फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन देतात. लिखा औषधाला दाद देत नाहीत, म्हणून मात्रा पुन्हा द्यावी लागते. शीवहून परळ जवळच : 1886 सालचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तिथेच आहेत.

मुलीसाठी ओल्या केसांवर बारीक दातांची फणी, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासणे. शाळेत तिच्या बाकावर बसणारीच्या आईलाही सांगावे, संकोच न करता. मांजराकडून मुलांना खरोखर येते ते गजकर्ण. हातावर किंवा मानेवर खाजरा, गोल, लाल चट्टा दिसला तर त्वचारोग विभागात दाखवावे, आणि मांजराचे केस कुठे झडलेत तेही पाहावे.