तांब्याच्या पत्र्यावरचा पुणे दरबार

लंडनच्या चार्ल्स टर्नरने १८०७ मध्ये पुण्याचा दरबार तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापला. शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल, गणपतीची भव्य मूर्ती, गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव, आणि त्यांच्यासमोर इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट. प्रसंग ऑगस्ट १७९० चा आहे. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांनी जूनमध्ये केलेल्या तहाची मंजूर होऊन आलेली प्रत मॅलेट पेशव्यांना सादर करतो आहे.

टर्नरची पद्धत मेझोटिंटची. हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत चांदीवर नक्षी उठवणाऱ्या कारागिरालाही ती उफराटी वाटेल. आधी दातेरी हत्यार उभं, आडवं, तिरकं फिरवून सगळा पत्रा खरबरीत करायचा. तसाच शाई लावून छापला, तर कागद मखमली काळा निघतो. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडून गुळगुळीत करत जायचं. पागोट्याची घडी, अंगरख्याची चूण, गालावरचा प्रकाश अशा रीतीने काळोखातून वर येतात. शिवाय हे सारं उलट्या बाजूने करायचं, कारण छापताना डावं उजवं होतं.

आणि हा दरबार टर्नरने पाहिलेलाच नव्हता. त्याच्यासमोर होतं थॉमस डॅनिएलचं १८०५ चं तैलचित्र, जे आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. डॅनिएलही दरबारात हजर नव्हता. त्याने आधार घेतला तो जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांचा, आणि वेल्स मुंबईत उतरला १७९१ मध्ये, म्हणजे प्रसंग उरकल्यावर. प्रत्यक्ष साक्षीदार होता मॅलेट, ज्याचा मोठेपणा चित्रातून दिसायचा होता. १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. पुढे वेल्सची मुलगी सुझाना त्याची पत्नी झाली.

मग हे चित्र खोटं मानायचं का? मुळीच नाही. वेल्सने पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर पाहून रंगवलं होतं. चेहऱ्यांवर म्हणूनच भरवसा ठेवता येतो. रंगमहाल तर १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर गेला. त्याचं आतलं रूप कल्पायला अशी चित्रंच हाताशी आहेत. प्रसंगाची मांडणी मात्र मॅलेटच्या बाजूची आहे, हे ध्यानात ठेवून ती पाहावी.

तहामागचं युद्ध आपल्या मुलखाच्या जवळूनच गेलं. मराठी फौज घेऊन परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले. मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण होती. १७९१ मध्ये किल्ला पडला. हेच भाऊ १७९९ मध्ये पट्टणकुडीला करवीरकरांच्या फौजेशी लढताना मारले गेले. त्याआधी १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले होते, १८०० मध्ये नानाही गेले, आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या पंखाखाली आली. टर्नरची प्रत बाजारात आली तेव्हा चित्रातला बरोबरीच्या नात्याचा दरबार उरला नव्हता.

१७९० मध्ये खुद्द पुण्यात चित्रं काढणारा एक माणूस मात्र होता: गंगाराम तांबट. मॅलेटसाठी त्याने वेरूळची लेणीही चितारली. त्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने काढलेलं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहात आहे. पुण्याच्या चित्रांविषयी बोलताना वेल्स आणि डॅनिएलच्या बरोबरीने त्याचं नाव घ्यायलाच हवं.