माहिती फुटली, भरपाई कोणाकडे मागायची?

‘एअर इंडिया’च्या प्रवाशांना मे २०२१ मध्ये एक ई-मेल आला. कंपनीची प्रवासी सेवा यंत्रणा सांभाळणाऱ्या ‘सिटा’ या परदेशी संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला होता. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदविलेली नावे, जन्मतारखा, पासपोर्ट, तिकिटे व क्रेडिट कार्डांचा तपशील त्यात उघड झाला होता. जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची ही माहिती होती. हल्ल्याची पहिली खबर कंपनीला २५ फेब्रुवारीलाच मिळाली होती. मार्चमध्ये संकेतस्थळावर एक सर्वसाधारण सूचनाही झळकली. मात्र विमान कंपनीचे संकेतस्थळ सूचना वाचण्यासाठी कोण उघडतो? प्रवाशांच्या हाती ई-मेल पडेपर्यंत जवळपास तीन महिने उलटले.

त्या वेळी ग्राहकाला कळविण्याचे बंधन घालणारा सर्वसाधारण कायदाच देशात नव्हता. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत देण्याचे आदेश काढले, पण ती द्यायची सरकारला. ज्याची माहिती गेली, तो अंधारातच राहिला.

‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३’ने हे चित्र बदलण्याची तरतूद केली. माहिती फुटल्यास संबंधित कंपनीने बाधित झालेल्या प्रत्येक व्यक्तीला विनाविलंब, साध्या व स्पष्ट भाषेत कळवावे, असे त्याखालील नियम सांगतात. काय फुटले, केव्हा फुटले, त्याचे परिणाम काय संभवतात, कंपनीने काय केले, ग्राहकाने काय करावे आणि विचारणा कोणाकडे करावी, हे सर्व त्या सूचनेत असले पाहिजे. डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा आहे. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर घटना दडविल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र नियम अधिसूचित झाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कंपन्यांवरील ही मुख्य बंधने लागू होण्यास त्या अधिसूचनेने तेथून १८ महिन्यांचा, म्हणजे मे २०२७ पर्यंतचा अवधी दिला.

आकडे डोळे दिपविणारे आहेत, पण दंडाची ही रक्कम जमा होणार देशाच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातून एक रुपयाही मिळण्याची तरतूद नाही. शिवाय चुकीच्या व्यक्तीने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड तिच्यावरच बसू शकतो.

भरपाईची वाट होती ती जुन्या कायद्यात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ अ नुसार पासवर्ड, बँक खाते, आरोग्य यांसारखी संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली व त्यामुळे नुकसान झाले, तर ती भरपाईस बांधील ठरते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, ‘न्यायनिर्णय अधिकारी’ या नात्याने, चालतात. ही वाट कागदावरचीच नाही. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून फसव्या ई-मेलद्वारे सुमारे ८० लाख रुपये काढले गेले, तेव्हा २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी संबंधित राष्ट्रीयीकृत बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. ई-मेलला उत्तर देणाऱ्या खातेदाराचीही चूक धरल्याने पूर्ण रक्कम मिळाली नाही, हेही ध्यानात घ्यावे. नवा कायदा पूर्णपणे लागू होताच हे कलम ४३ अ वगळले जाणार आहे. हा व्यवहार ग्राहकाच्या पदरात नेमके काय टाकतो, हा प्रश्न संसदेतील चर्चेपेक्षा अधिक वेळ मागणारा होता. त्यानंतर उरतो तो ग्राहक आयोग. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर दुसऱ्याला देणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

पैसे खात्यातून गेलेच, तर नियम वेगळे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले, की चूक बँकेची असल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यासही शून्य. उशीर झाला, की भार ग्राहकावर येऊ लागतो. ग्राहकाने स्वतःहून ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचेच. म्हणून त्याच दिवशी बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि १९३० या हेल्पलाइनवर दूरध्वनी करावा. रक्कम पुढच्या खात्यांतून बाहेर पडण्यापूर्वी गोठविता येते ती पहिल्या काही तासांतच.

पैसे गेले नसतील, तर काय फुटले यावर उपाय ठरतो. पासवर्ड फुटला असेल, तर तोच पासवर्ड जेथे जेथे वापरला, तेथे सर्वत्र बदलावा; सर्वप्रथम ई-मेलचा, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तेथेच येतात. कार्ड बंद करून नवे घेता येते. जन्मतारीख किंवा पॅन मात्र बदलता येत नाही, त्यामुळे तेथे पाळतच ठेवावी लागते. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल मागवून आपल्या नावे अनोळखी कर्ज नाही ना, हे पाहावे. ‘संचार साथी’वर आपल्या नावावरील मोबाइल जोडण्या दिसतात. आधारची बायोमेट्रिक माहिती ‘लॉक’ करता येते. मोबाइलचे नेटवर्क एकाएकी गेले, तर दुसऱ्या कोणी आपल्या क्रमांकाचे सिम काढले नाही ना, याची चौकशी तत्काळ करावी.

खरा धोका पुष्कळदा काही महिन्यांनी दूरध्वनीवर येतो. पलीकडची व्यक्ती आपले नाव, पॉलिसी क्रमांक, मागील खरेदीसुद्धा बिनचूक सांगते आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. असा दूरध्वनी ठेवून कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर आपणच संपर्क साधावा.

कंपनीकडे लेखी तक्रार मात्र पहिल्याच आठवड्यात करावी. नव्या कायद्यातही मंडळाकडे जाण्यापूर्वी कंपनीच्या तक्रार निवारण व्यवस्थेचे दार ठोठवावेच लागते. आपली कोणती माहिती कंपनीकडे होती, त्यातील कोणती गेली आणि केव्हा, हे तीन प्रश्न ई-मेलने विचारावेत. कंपनीची सूचना, आलेले संदेश, बँकेचा तक्रार क्रमांक आणि या गैरप्रकारापायी झालेल्या खर्चाच्या पावत्या तारीखवार जपून ठेवाव्यात. सचिवांपुढे असो वा ग्राहक आयोगापुढे, नुकसान आणि हयगय यांचा संबंध दाखविण्याची जबाबदारी तक्रारदारावरच असते.