आधी फट बुजवा, मग अॅम्प घ्या!

होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावून बघा. टेबलावर पुस्तकं असतील-नसतील, हेडफोन मात्र असतोच. कुणाचा दीडशे रुपयांचा, तर कुणाचा ‘प्रोजेक्टला लागतो’ असं घरी सांगून घेतलेला पाच हजारांचा. आणि आता काही टेबलांवर त्याच्या शेजारी आणखी एक वस्तू दिसते : हेडफोन अॅम्प्लिफायर. काडेपेटीएवढा, साबणाच्या डबीएवढा, कधी स्वतः सोल्डर केलेला. शिवाय ‘मॉड’ करणारी मंडळी आहेतच, म्हणजे हेडफोन उघडून त्यात कापूस, नमदा, टेप असं काय काय भरणारे.

माझी रूममेट अकोल्याची. तिने सरळ विचारलं, “काऊन वं, अॅम्प लावलं का आवाज चांगला होते ना?” तिला दिलेलं उत्तर लांबलं, म्हणून हा लेख. थोडक्यात सांगायचं तर कधी कधी होतो, पण बहुतेक वेळा होत नाही. आणि आपल्याकडे जी खरी अडचण आहे, म्हणजे कूलरची घरघर आणि एसटीचा खडखडाट, तिच्यावर अॅम्प हे औषध नाहीच. ते औषध मॉडवाल्यांकडे आहे आणि जवळपास फुकट आहे.

अॅम्पची गरज कुणाला?

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. ते वाचता आले की अर्धी लढाई जिंकली. पहिला इम्पिडन्स, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ मिलिवॅट पॉवर दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो ते. (काही कंपन्या हा आकडा १ व्होल्टला देतात. दोन हेडफोनची तुलना करताना तेवढं बघून घ्यावं.)

आता फर्स्ट इयरचं गणित. मोबाईलच्या डोंगलमधून जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास मिळतो असं धरू. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स म्हणजे पॉवर. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला मिळाले ३१ मिलिवॅट. पॉवर दहापट झाली की १० डेसिबल वाढतात, दुप्पट झाली की ३. म्हणजे ३१ पटीला झाले १५ डेसिबल. हेडफोन १०० डेसिबल प्रति मिलिवॅटचा असेल तर कमाल आवाज ११५ डेसिबल! इतक्या आवाजात कोणी गाणं ऐकत नाही आणि ऐकूही नये. इथे अॅम्प लावणं म्हणजे भरल्या माठात आणखी पाणी ओतणं.

आता दुसरं टोक. सेनहायझरचा १९९७ सालचा प्रसिद्ध एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० ची एक आवृत्ती तर ६०० ओहमची. यांच्या कॉइलमध्ये बारीक तारेचे भरपूर वेढे असतात, त्यामुळे करंट कमी लागतो पण व्होल्टेज जास्त लागतं. समजा, ६०० ओहमचा आणि ९६ डेसिबल प्रति मिलिवॅटचा हेडफोन त्याच डोंगलला लावला. पॉवर मिळाली फक्त १.७ मिलिवॅट आणि कमाल आवाज ९८ डेसिबल. आकडा मोठा वाटतो, पण ही शिखराची उंची झाली. शास्त्रीय गाण्याच्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी आवाज शिखराच्या २० डेसिबल खाली असू शकतो. म्हणजे आलाप ७८ वर चालला आणि तबल्याची थाप पडताना वर जागाच उरली नाही. अशा हेडफोनला अॅम्प हवाच.

तिसरा प्रकार प्लेनर हेडफोनचा. यात कॉइल नसते. पातळ पडद्यावरच तारेची नक्षी छापलेली असते आणि तो पडदा चुंबकांच्या पट्ट्यांमध्ये ताणलेला असतो. इम्पिडन्स कमी, पण सेन्सिटिव्हिटीही कमी, म्हणून याला करंट पाहिजे.

आणि हो, ब्लूटूथवाल्यांनी अॅम्पचा विचारच सोडून द्यावा. त्यांचा अॅम्प कंपनीने इअरबडच्या पोटातच बसवलेला असतो. २०१६ साली आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला, मग बऱ्याच कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. तेव्हापासून अनेकांच्या खिशात आलेलं बोटभर डोंगल हेसुद्धा एक छोटा डॅक आणि अॅम्पच आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं.

खोक्यावर सहसा न छापलेला आकडा

अॅम्पचा आणखी एक गुण असतो, आउटपुट इम्पिडन्स. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. काही इअरफोन एका ठिकाणी ८ ओहम तर दुसऱ्या ठिकाणी ४० ओहम दाखवतात. तो १० ओहमच्या सोर्सला लावला तर नेटवर्क थिअरीतला आपला जुना मित्र, व्होल्टेज डिव्हायडर, तिथे कामाला लागतो. ८ ओहमच्या जागी आवाज ७ डेसिबल पडतो, ४० च्या जागी २. म्हणजे गाण्याचा तोल ५ डेसिबलने बिघडला! सोर्स १ ओहमचा असेल तर हाच फरक १ डेसिबलच्याही आत राहतो. म्हणून नियम असा सांगतात की सोर्सचा इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा. ‘अॅम्प लावल्यावर आवाज बदलला’ असं कुणी शपथेवर सांगत असेल तर लगेच हसू नका. कारण पुष्कळदा हे असतं.

पेपरमिंटच्या डबीतला अॅम्प

हौशी लोकांचा सगळ्यात गाजलेला अॅम्प म्हणजे ‘सीमॉय’. १९९० च्या दशकाच्या शेवटी चू मॉय या अमेरिकन हौशी माणसाने तो सगळ्यांसाठी खुला केला. एक ९ व्होल्टची बॅटरी, ऑप-अॅम्प आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. लोक तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवू लागले आणि ती डबीच त्याची ओळख झाली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एका रविवारी जमण्यासारखा आहे. पण करण्याआधी चार गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, मूळ सर्किटचा गेन ११ आहे. आपल्या ३२ ओहमच्या इअरफोनला तो फार होतो. व्हॉल्यूमचा पॉट जेमतेम हलवला की कान फाटतो, मागे सूं सूं ऐकू येतं, आणि स्वस्त ड्युएल पॉट अगदी सुरुवातीला डावा-उजवा सारखा धरत नाही, त्यामुळे एका कानात आवाज जास्त येतो. फीडबॅकचा १० के तसाच ठेवून १ के च्या जागी ४.७ के लावा, गेन ३ वर येतो.

दुसरी, ऑप-अॅम्प कोणता? दुकानात एनई५५३२ पटकन मिळतो, पण त्याला किमान ±५ व्होल्ट लागतात आणि ९ व्होल्टची बॅटरी दुभागून मिळतात ±४.५. ओपीए२१३४ हा ±२.५ पासून चालतो, म्हणून सीमॉयवाल्यांचा तो लाडका. तिसरी, आयसी थेट सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवा. आणि चौथी, हेडफोन लावायच्या आधी मल्टिमीटरने आउटपुटचा डीसी बघा. काही मिलिव्होल्ट ठीक, पण व्होल्टभर दिसला तर हेडफोन दूर ठेवा. नाहीतर कॉइलचा हीटर होईल.

याच मंडळींमधली २०११ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाच्या कुणी एकाने ‘ओ-टू’ नावाच्या अॅम्पचं पूर्ण डिझाईन, मोजमापांसकट, जगाला देऊन टाकलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की चांगला अॅम्प साध्या, स्वस्त आयसींमधून होतो आणि तो चांगला आहे की नाही हे जाहिरात नाही, मीटर ठरवतो. पुढच्याच वर्षी तो लिहायचा थांबला. तो कोण होता हे कधी उघड झालं नाही, पण अॅम्प आजही लोक बनवतात. असो!

कापूस तर आपल्याच गावचा

आता मॉडकडे वळू. फॉस्टेक्स या जपानी कंपनीचा टी५०आरपी हा स्टुडिओसाठी केलेला प्लेनर हेडफोन. ५० ओहम, तिसऱ्या आवृत्तीची सेन्सिटिव्हिटी ९२ डेसिबल. हौशी लोकांनी तो उघडला, कपात नमदा आणि कापूस भरला, प्लास्टिकच्या भिंतींना आतून मॉडेलिंग क्ले चिकटवली, मागची भोकं टेपने कमी-जास्त झाकली आणि जाड कुशन लावलं. आवाज इतका सुधारला की त्यातून धंदे उभे राहिले. डॅन क्लार्क यांच्या मिस्टरस्पीकर्स कंपनीने सुरुवातीला मॉड केलेले टी५०आरपीच ‘मॅड डॉग’ या नावाने विकले. आज ती कंपनी डॅन क्लार्क ऑडिओ या नावाने स्वतःचे हेडफोन बनवते. झेडएमएफ या अमेरिकन कंपनीची सुरुवातही अशीच झाली.

यात जादू काही नाही. पडदा जितका आवाज कानाकडे फेकतो, तितकाच मागे कपातही फेकतो. तो भिंतीवर आपटून परत येतो आणि गाणं गढूळ करतो. कापूस त्याला अडवतो. क्लेमुळे भिंत जड होते, थरथरत नाही. शिवाय कापसात हवा दाबली गेली की तिची उष्णता तंतू शोषून घेतात, त्यामुळे छोटा कप हवेला मोठा ‘वाटतो’. थर्मोडायनॅमिक्समधला अॅडिअॅबॅटिक-आयसोथर्मल हा फरक इथे कामी येतो, ज्यांना तो पेपरमध्ये आला नाही त्यांनी इथे समजून घ्यावा!

आणि वऱ्हाडात कापूस विकत आणायची गरज ती काय? गादीवाल्याकडून चिमूटभर पिंजलेला कापूस मागा. थोड्यापासून सुरुवात करा, दोन्ही कपांत सारखा भरा आणि पडद्याला अजिबात टेकू देऊ नका. भोकं झाकायला मेडिकलमधली मायक्रोपोर टेप पुरते.

पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो कुशनने. कुशन आणि कान यांच्यामध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि बास तिच्यावरच उभा असतो. फट राहिली की बास तिथून निसटतो. चष्म्याच्या काडीएवढी फटही पुरते. तपासायचं असेल तर ५० हर्ट्झचा टोन लावा आणि दोन्ही कप हाताने हलके दाबा. आवाज वाढला तर तुमच्या हेडफोनला अॅम्प नको, नवं कुशन हवं. आपल्या उन्हाळ्यात रेक्झिनचं कुशन घामाने सोलवटतं. कापडी कुशन थंड असतं पण जास्त गळतं. निवड करताना हे लक्षात असू द्या.

कूलर, एसटी आणि कान

आता मूळ मुद्द्यावर येते. फटीतून बास बाहेर जातो, तसा बाहेरचा गोंगाट आत येतो. कूलर चालू असताना माझ्या पलंगाजवळ मोबाईलचं मीटर ६५ डेसिबल दाखवतं. हे काही लॅबचं मीटर नव्हे, पण अंदाज येतो. गाणं नीट ऐकू यावं म्हणून आपण ते गोंगाटाच्या वर, समजा १५ डेसिबल वर नेतो. झाले ८०.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेली मर्यादा मोठ्या माणसांसाठी अशी आहे : ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास.

आता शनिवारी घरी जायचं आहे. अमरावती-अकोला रस्ता आता छान आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. पण एसटीच्या खिडक्या थोड्याच थांबतात! आतला आवाज ८० डेसिबल धरा, गाणं ९५ वर. मूर्तिजापूर मागे पडतं न पडतं तोच आठवड्याचा कोटा संपला. आणि अॅम्प खिशात असेल तर ९५ च्या वर जाण्याची सोय झाली, एवढंच.

याउलट, कानात नीट बसणाऱ्या रबरी टिपचा इअरफोन घातला आणि त्याने १५ डेसिबल गोंगाट बाहेर ठेवला, तर तेच गाणं ८० वर तितकंच स्पष्ट ऐकू येतं. ९५ ते ८० म्हणजे ३ च्या पाच पायऱ्या, म्हणजे दोनाचा पाचवा घात. सव्वा तासाचे ४० तास झाले, बत्तीसपट! कुठल्याही अॅम्पने हे होत नाही. इंजिनची खालची घरघर टिपने कमी अडते, तिथे नॉइज कॅन्सलिंग जास्त उपयोगी पडतं. पण सोबत आलेल्या तीन मापांच्या टिप खोक्यातच पडू देऊन मधलीच वापरणाऱ्यांनी आजच बाकीच्या दोन लावून बघाव्यात.

मग करायचं काय?

क्रम सोपा आहे. आधी सील : टिप, कुशन, चष्म्याची फट. मग कपातला कापूस-टेप. मग प्लेअरमधला इक्वलायझर, तो फुकट आहे. एवढं झाल्यावर वरचं गणित मांडा. हेडफोन ३०० ओहमचा किंवा प्लेनर असेल आणि आवाज खरंच कमी पडत असेल, तर खुशाल अॅम्प घ्या, नाहीतर बनवा. बनवण्यात जी मजा आहे ती विकत घेण्यात नाही.

आणि गाणं बंद केल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर ‘झोपलं की जाईल’ म्हणून सोडून देऊ नका. आवाज कमी करा, आणि ती राहिलीच तर डॉक्टरांना दाखवा. आतल्या कानात साधारण १५ हजार केसपेशी असतात आणि त्या मेल्या की परत येत नाहीत. ऑप-अॅम्प जळला तर सॉकेटमधून काढून दुसरा बसवता येतो. कानाला सॉकेट दिलेलं नाही!