नारायणरावांचा खून : आख्यायिका आणि कागद

३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात शिरलेल्या गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना भर दुपारी ठार केले. सुमेरसिंग, महंमद इसफ, खडकसिंग हे गारद्यांचे म्होरके आणि रघुनाथरावांचा हुजऱ्या तुळाजी पवार ही नावे ठाऊक आहेत. वाड्यातच नजरकैदेत असलेले चुलते रघुनाथराव कटात होते, हेही बहुतेक इतिहासकार मानतात. वाद आहे तो त्यांच्या हेतूचा. पुतण्याला फक्त कैद करायचे ठरले होते की जीवच घ्यायचा होता?

लोकांच्या तोंडी उत्तर तयार असते : रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकमातल्या ‘ध’चा ‘मा’ केला, ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. तो मूळ कागद मात्र आज उपलब्ध नाही. इतिहासकार ग्रँट डफने १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत दिली, पण आनंदीबाईंवरचा आरोप त्याने सर्वत्र पसरलेली समजूत म्हणून नोंदवला. तोवर खुनाला पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. पुढे खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने ही माणसे घराघरांत पोचवली. आजच्या वाचकाच्या मनातली आनंदीबाई दप्तरातून आलेली नाही, ती रंगभूमीवरून आली आहे.

अभ्यासकाची भिस्त समकालीन कागदांवर हवी. पेशवे दप्तरातील मोडी पत्रे गो. स. सरदेसाई यांनी निवडून ४५ खंडांत छापली. इंग्रजांचा वकील मॉस्टिन त्या वेळी पुण्यात होता. त्याचा पत्रव्यवहार आहे. निजामाच्या दरबारी पुण्याहून फारसी बातमीपत्रे जात. या तिघांचे हितसंबंध वेगळे, म्हणून जिथे ते जुळतात तिथे विश्वास वाढतो.

रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, हाती सत्ता आल्यावर आरोपींकडून जे वदवले गेले, ते जपून वाचावे लागते. रघुनाथराव दोषी ठरणे बारभाईंच्या सोयीचे होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांच्या शब्दाचे वजन वेगळे. त्यांनी रघुनाथरावांवर दोष ठेवला तेव्हा खुनानंतर पेशवे झालेले रघुनाथरावच गादीवर होते, आणि त्यापायी शास्त्रीबुवांनी पुणे सोडले.

त्यांच्या निवाड्यानेही सगळे उलगडत नाही. कारभारी सखारामबापू बोकिलांना कटाचा किती सुगावा होता? धोक्याची सूचना मिळूनही सरदार हरिपंत फडक्यांकडून बंदोबस्त का झाला नाही? थकलेल्या पगारासाठी दंगा करायला आलेले गारदी आयत्या वेळी बिथरले, की पगाराची ओरड हे केवळ निमित्त होते? आनंदीबाईंविरुद्ध तर समजुतीपलीकडे हाती फारसे काही लागत नाही.