क्रोशाची पहिली सुई घेताना

दारावरचे तोरण, टेबलावरचा रुमाल, बाळाचे टोपडे अशी क्रोशाने विणलेली एखादी वस्तू आपल्या पुष्कळ घरांत असते. ती पाहून मुलींना शिकावेसे वाटते. पण शिकायला सुरुवात केलेल्यांपैकी बऱ्याच जणी पंधरा दिवसांत सुई कपाटात ठेवून देतात. 'मला जमत नाही, माझा हातच बसत नाही' असे म्हणतात. खरे पाहता दोष हाताचा नसतो. पहिल्याच दिवशी चुकीची सुई आणि चुकीचा दोरा घेतलेला असतो. पैसे जातात आणि हुरूपही जातो. म्हणून भगिनींनो, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार गोष्टी नीट समजून घेऊ या.

सुई कोणती घ्यावी?

क्रोशाला एकच सुई लागते. स्वेटर विणायला दोन लागतात, इथे एका आकड्याच्या सुईवर सगळे काम चालते. या सुया मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. बारीक दोऱ्याच्या तोरण-रुमालासाठी पोलादी सुई असते. तिची जाडी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर किंवा त्याहून कमी असते. लोकरीसाठी अॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची जाड सुई असते.

घरातल्या तोरणावर मन बसलेले असते, म्हणून नवशिकी मुलगी बारीक पोलादी सुई आणि बारीक पांढरा दोरा घेऊन बसते. तिथेच फसते. टाका दिसत नाही, आकडा दोऱ्यात अडकतो, डोळे दुखतात. पहिली सुई ४ किंवा ५ मिलिमीटरची, अॅल्युमिनियमची घ्यावी. हात बसला की बारीक सुईकडे वळावे.

नंबर पाहताना सावध असावे. पोलादी सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक असते. मिलिमीटरचा आकडा मात्र सरळ असतो, मोठा आकडा म्हणजे जाड सुई. म्हणून दुकानदाराकडे नुसता नंबर न मागता मिलिमीटर विचारावे. ते बहुधा दांड्यावर कोरलेले असते.

विकत घेण्यापूर्वी आकड्यावरून बोट फिरवावे. जवळ जुनी नायलॉनची ओढणी असेल तर तिच्या कोपऱ्यावरून आकडा ओढून पाहावा. धागा अडकला तर ती सुई खडबडीत आहे, परत द्यावी. दहा-बारा सुयांचा डबा स्वस्त पडतो असे दुकानदार सांगेल. त्यातल्या दोनच सुया वापरात येतात, बाकीच्या पडून राहतात. डाव्या हाताने काम करणाऱ्या मुलीला वेगळी सुई लागत नाही, हीच चालते. सुई पेन्सिलीसारखी धरावी की सुरीसारखी, याचाही बाऊ करू नये. दोन्ही पद्धती बरोबर आहेत.

लोकर आणि दोरा

शिकण्यासाठी मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची, एकरंगी लोकर घ्यावी. काळी किंवा गर्द निळी घेऊ नये, दिवसभराचे काम आटोपून रात्री बसणाऱ्या बाईला तिच्यात टाके दिसत नाहीत. केसाळ लोकर दिसायला छान असते, पण चुकलेला टाका उसवताना ती गुंतते. लोकर लडीच्या रूपात असेल तर आधी तिचा गुंडा करून घ्यावा.

स्वस्त लोकर बहुधा अॅक्रिलिकची असते. धुवायला सोपी, आटत नाही, सरावाला उत्तम. पण उष्णतेने ती वितळते. म्हणून तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नये आणि चुलीवरचे भांडे उतरवण्याचे फडके तिचे कधीही विणू नये. हाताला चटका बसेल. त्या कामाला सुतीच दोरा हवा. आपल्या उन्हाळ्यात बाळाच्या टोपड्यालाही सूतच बरे.

वेष्टनावरचा कागद फेकू नये. त्यावर धाग्याचा प्रकार, वजन आणि बहुतेक वेळा कोणती सुई वापरावी तेही छापलेले असते. रंगाच्या घाणीचा क्रमांकही असतो. एकाच रंगाच्या दोन घाणींत छटेचा फरक पडतो. म्हणून एका वस्तूला लागणारी सगळी लोकर एकाच क्रमांकाची, एकाच वेळी घ्यावी.

आणि हातात पैसे नसतील तर? घरातला जुना, न आटलेला, हाताने विणलेला स्वेटर उसवावा. लोकरीची लडी करून ती धुवावी, खाली थोडे वजन टांगून वाळवावी. वळ्या निघून जातात. सरावाची लोकर फुकट मिळाली.

बाकीचे सामान

लहान कात्री, दोऱ्याची टोके आत लपवण्यासाठी मोठ्या नाकाची बोथट सुई, मापाची टेप आणि एक कापडी पिशवी, एवढे पुरे. टाक्यावर खूण ठेवायला विकतचे काही नको. सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा चालतो.

पहिले काम म्हणून वीस साखळ्या घालून एक चौकोन विणावा. प्रत्येक ओळीचे टाके मोजावेत. कडा आत जाऊ लागली तर शेवटचा टाका सुटतो आहे असे समजावे. वीण फार घट्ट येत असेल तर अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्यावी. मोबाइलवर पाहून शिकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. इंग्रजी नावांत ब्रिटिश आणि अमेरिकन असा भेद आहे. अमेरिकेत ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे ते आधी पाहावे, नाहीतर सगळे माप बिघडते.

सर्वात गरजेचे साधन : वही

या सामानात एक चाळीस पानी वही अवश्य असावी. तिच्यात लोकर किती रुपयांची, किती लागली आणि किती तास गेले हे रोज लिहावे. शिकतानाच ही सवय लागली पाहिजे. कारण चांगले विणता येऊ लागले की कोणीतरी ऑर्डर घेऊन येतेच.

आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचे गाव आहे. तिथल्या परिसरातील बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. दिवसातले कित्येक तास विणूनही या बायका 'घरी बसलेल्या गृहिणी' आणि त्यांचे काम 'फावल्या वेळेचे' समजले जात होते, म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी होती आणि नफा व्यापाऱ्यांकडे जात होता, हे त्यांनी दाखवून दिले. २०२४ साली नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. कलेचा मान झाला हे चांगलेच, पण हाताचा दामही तितकाच महत्त्वाचा.

समजा, एका रुमालाला ४० रुपयांचा दोरा आणि ८ तास लागले. घेणाऱ्याने १२० रुपये दिले. 'घरबसल्या १२० मिळाले' असे वाटते. दोरा वजा केला की उरतात ८०, म्हणजे तासाला १० रुपये! वहीत हे लिहिलेले असेल तर भाव ठरवताना बाई गप्प बसणार नाही.

वस्तीतल्या चार-पाच जणींनी मिळून सुरुवात केली तर आणखी सोपे. लोकर एकत्र घेता येते, बारीक सुया एकमेकींत फिरवता येतात आणि पुढे ऑर्डर आली तर भाव एकीने न ठरवता सगळ्यांनी मिळून ठरवता येतो. तेव्हा या महिन्यात एक सुई, एक लोकरीचा गुंडा आणि एक वही, एवढीच खरेदी करावी. बाकीचे सामान काम मागेल तसे घेता येईल.