वेताळाचा शोध आणि सत्तर टक्के सूट

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांनी वेताळ पाहिलाय? घाबरू नका, मी पिंपळावरच्या वेताळाबद्दल विचारत नाहीये. डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, राहायला कवटीच्या आकाराची गुहा, बसायला पांढरा घोडा आणि सोबतीला पाळलेला लांडगा, असा एक वेताळ होता. तुमच्या आई-बाबांना विचारा. नाहीतर मामाला विचारा. त्याचे डोळे कसे चमकतात ते बघा!

माझ्या सहावीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला तेव्हा एक जण म्हणाला, "बाई, तो भूत होता का सुपरहिरो?" मी म्हटलं, "ते कळायला कॉमिक वाचायला हवं." तो म्हणाला, "मग आणा ना!"

आणा म्हणणं सोपं. पण ते आणताना काय काय झालं, त्याचीच ही गोष्ट. तुम्हालाही जुनी कॉमिक्स हवी असतील, तर माझी फजिती तुमच्या उपयोगाला येईल.

मामाची ट्रंक

माझा मामा अंबरनाथचा. तो तिथल्याच ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला होता. शाळकरी वयात त्याला कॉमिक्सचं वेड. त्या काळी 'इंद्रजाल कॉमिक्स' फार लोकप्रिय होती. टाइम्स ऑफ इंडियाने ती मार्च १९६४ मध्ये सुरू केली. पहिल्या अंकात वेताळच होता आणि अंकाची किंमत होती ६० पैसे! पुढे जादूगार मँड्रेक आला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी रचलेला 'बहादूर' हा आपला भारतीय नायक आला. इंग्रजी-हिंदीबरोबर हे अंक मराठीतही निघत. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं.

मी वाचायला लागले तोवर ते दुकानातून गेलेलं होतं. पण मामाने आपली पत्र्याची ट्रंकच मला देऊन टाकली. अंबरनाथहून बदलापूर म्हणजे लोकलचं पुढचंच स्टेशन. ट्रंक डोक्यावर घेऊन तो गाडीतून उतरला, ते चित्र मला अजून आठवतं. इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा... उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या ट्रंकेपाशी बसले की जेवायलासुद्धा उठत नसे.

मग आला २६ जुलै २००५ चा दिवस. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तुम्ही वाचलं असेल. इकडे आमच्या उल्हास नदीलाही पूर आला. बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूला, तळमजल्यावर आमचं घर. मी तेव्हा अकरावीत होते. पाणी कमरेपर्यंत चढलं. आम्ही आजीला, रेशनच्या धान्याला आणि कागदपत्रांना वर नेलं. पलंगाखालची ट्रंक कोणालाच आठवली नाही. पाणी ओसरल्यावर उघडली, तर आत नुसता चिखल आणि लगदा. मामाला सांगताना मला रडू आलं. तो म्हणाला, "माणसं आहेत ना सगळी? मग झालं तर." पण त्यानंतर त्याने त्या अंकांचा विषय कधी काढला नाही.

२०२५ मध्ये मामा निवृत्त झाला. मी ठरवलं, त्याला त्याचा बहादूर आणि त्याचा वेताळ परत द्यायचा.

फक्त आज! नऊ मिनिटं शिल्लक!

जुने अंक हल्ली इंटरनेटवर विकत मिळतात. कोणी रद्दीतून गोळा करून विकतं, कोणी आपला संग्रह मोडतं. मी शोधायला बसले आणि एका ठिकाणी झळकलं: 'इंद्रजाल १० अंकांचा संच. किंमत ३००० रुपये. ७० टक्के सूट! फक्त आज!' खाली घड्याळ उलटं पळत होतं. नऊ मिनिटं... आठ मिनिटं...

३००० चे ९००! वाचले २१०० रुपये! मी धावतपळत पैसे भरले. शेवटी घरपोच पाठवण्याचे १२० आणि 'हाताळणी'चे ३० असे १५० जादा लागले, तरीही मी खुशीत होते.

आठवड्याने पाकीट आलं. आत काय निघालं असेल? पिना मारलेल्या रंगीत झेरॉक्स! त्याही हिंदी. दोन अंकांची पानं उलटसुलट. जाहिरात पुन्हा उघडून पाहिली, तर अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'छापील प्रत. चित्र नमुन्यादाखल.' म्हणजे १०५० रुपये पाण्यात. आणि या वेळी उल्हास नदीला दोष देण्याची सोय नव्हती!

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं वर्गात सांगून टाकलं. बाईंची फजिती म्हटल्यावर मुलांना कोण आनंद! पण त्यांनी नुसतं हसण्यावर नेलं नाही. माझ्या मोबाइलवर ती जाहिरात पाहायला मागितली. 'फक्त आज' अजून तिथंच होतं आणि घड्याळात पुन्हा नऊ मिनिटं!

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, ३००० ही किंमत ठरवली कोणी?"

दोस्तांनो, हा लाखमोलाचा प्रश्न आहे.

सूट कशावर?

नव्या पुस्तकावर किंमत छापलेली असते. समजा, अमर चित्र कथेच्या नव्या संचावर २० टक्के सूट आहे. छापील किंमत बघा, गणित करा, सूट खरी की खोटी ते लगेच कळतं. पण जुन्या अंकावर छापलेले असतात ६० पैसे किंवा दोन रुपये. विकणारा सांगेल तीच त्याची किंमत. मग तो ३००० सांगून ७० टक्के सूट देईल, नाहीतर ९००० सांगून ९० टक्के! तुम्ही देणार ९०० च.

उल्हासनगरच्या बाजारात आईबरोबर कपडे घ्यायला गेला असाल, तर हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानदार पाचशे सांगतो, आई अडीचशे म्हणते, सौदा तीनशेला होतो. दोनशे वाचले म्हणून आई नाचत नाही. ती पुढच्या दोन दुकानांत तोच कपडा कितीला आहे ते बघून आलेली असते! जुन्या अंकांचंही तसंच. सूट बघू नका, तोच अंक दुसरीकडे कितीला आहे ते बघा.

मग जुना अंक महाग का असतो? कारण तो उरलेलाच नसतो. बहुतेक अंक रद्दीत किलोवर गेले, काही पुरात गेले. अमेरिकेत १९३८ साली १० सेंटला विकला गेलेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक आहे. सुपरमॅन त्यातच पहिल्यांदा आला. त्याच्या एका प्रतीला २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलर मिळाले! पण म्हणून प्रत्येक जुना अंक सोन्याचा होत नाही बरं का. कव्हर शाबूत आहे का, मधलं पान आहे का, पिना गंजल्यात का, कसर लागलीय का, यावर सगळं अवलंबून असतं.

शेकडेवारीचा तास

सहावीला शेकडेवारी असतेच. म्हणून तो तास आम्ही याच कामाला लावला. मला हव्या त्या चार मराठी अंकांसाठी तीन विक्रेते सापडले होते. फळ्यावर मांडणी केली.

पहिला विक्रेता: अंक १८० रुपयांना. २५ टक्के सुटीचं कूपन. पाठवणी ८० रुपये.
दुसरा: अंक १५० रुपयांना. जाहिरातीत सूट नाही. पाठवणी ६० रुपये.
तिसरा: अंक २२० रुपयांना. तीन घ्या, चौथा फुकट. पाठवणी ९० रुपये.

"बाई, तिसरा! फुकट आहे!" अर्धा वर्ग ओरडला. मी म्हटलं, "आधी करून बघा."

पहिल्याचे चार अंक ७२०. २५ टक्के म्हणजे १८० कमी व्हायला हवेत. पण कूपनखाली लिहिलं होतं, 'जास्तीत जास्त १०० रुपये सूट'. म्हणून ६२० अधिक ८०, झाले ७००. एक अंक १७५ ला.

तिसऱ्याचे तीन अंक ६६०, चौथा फुकट. अधिक ९०, झाले ७५०. एक अंक साडेएकशे सत्त्याऐंशीला.

आणि सूट नसलेल्या दुसऱ्याचे? ६०० अधिक ६०, म्हणजे ६६०. एक अंक १६५ ला. सर्वांत स्वस्त तोच!

मग आम्ही आणखी दोन फसवी गणितं सोडवली. '५० टक्के, वर आणखी २० टक्के' म्हणजे ७० टक्के नव्हे! १०० चे आधी ५० होतात, मग त्या ५० चे २० टक्के म्हणजे १० कमी होऊन ४० राहतात. सूट झाली ६० टक्के. दुसरं, '९९९ च्या वर घेतलंत तर पाठवणी फुकट.' तुमचं बिल ८६० झालंय. पाठवणीचे ६० वाचवायला नको असलेला १५० चा अंक घेतलात, तर बचत झाली की ९० रुपयांचं नुकसान? तुम्हीच सांगा.

खोटी घाई, लपवलेला खर्च, टोपलीत गुपचूप टाकलेली वस्तू, असल्या युक्त्यांविरुद्ध आपल्या सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक नियम काढले आहेत. त्यांत अशा १३ प्रकारांची यादीच आहे. माझं ते पळणारं घड्याळही त्या यादीतलंच होतं.

योग्य सौदा

मी दुसऱ्या विक्रेत्याला लिहिलं, "कव्हर, मागचं पान, मधलं पान आणि पिना यांचे फोटो पाठवाल का? भाषा मराठीच ना? आणि मूळ छपाई आहे ना?" त्याने संध्याकाळीच फोटो पाठवले. आपणहून कळवलं, की एका अंकाचं मागचं कव्हर फाटलंय आणि एकावर शाईने कुणाचं तरी नाव आहे. खरा विक्रेता खोट लपवत नाही! वर त्याने सांगितलं, की ५०० च्या पुढच्या खरेदीवर त्याच्याकडे १० टक्क्यांचं कूपन आहे. ६०० चे झाले ५४०, अधिक ६०, बरोबर ६००. एक अंक १५० ला. तो झेरॉक्सचा संच अंकामागे १०५ ला पडला होता. पण ते १०५ फुकट गेले आणि हे १५० सत्कारणी लागले.

म्हणजे कूपन वाईट नाही. फक्त ते शेवटी लावायचं. आधी काय हवंय ते ठरवायचं, मग भाव बघायचे, मग प्रत तपासायची, आणि मग खिशातून कूपन काढायचं.

हे मात्र पाळा

• अठरा वर्षांखालच्यांना कायद्याने करार करता येत नाही. म्हणून खरेदी आई-बाबांनीच करायची. तुम्ही शोध आणि गणित करा.
• हव्या असलेल्या अंकांची यादी वहीत लिहा. यादीत नाही ते घेऊ नका.
• अंकामागे किती पडले ते पाठवणी धरून काढा.
• ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका. पैसे मिळवायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.
• माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा. मला हे नंबर फार उशिरा कळले!
• जुने अंक जमिनीवर ठेवू नका. उंच, कोरड्या जागी ठेवा आणि मधून मधून वारा द्या.

आणि पैसे नसतील तर? तरी खट्टू होऊ नका. बालभारतीचं 'किशोर' नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. तिथे शंभर टक्के सूट आहे आणि तीही खरी! बदलापुरात श्याम जोशी सरांनी उभारलेलं 'ग्रंथसखा' वाचनालय जुन्या मराठी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी प्रसिद्ध आहे. शिवाय तुमच्या गल्लीतला रद्दीवाला आहेच. त्याच्याकडे पाठवणीचा खर्च नाही आणि अंक हातात घेऊन बघता येतो.

एका रविवारी मी ते चार अंक घेऊन अंबरनाथला गेले. मामाने चष्मा लावला. बहादूरचा अंक उघडला, नाकाशी नेला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग शाईने लिहिलेलं ते नाव वाचून म्हणाला, "हा पोरगा कोण असेल गं? त्याचाही अंक असाच कुठंतरी गेला असेल."

दुपारभर त्याने चारही अंक वाचले. निघताना ते माझ्या पिशवीत परत ठेवले आणि म्हणाला, "ट्रंकेत ठेवू नकोस. वर्गात ठेव. पोरं वाचू देत."

आता ते आमच्या वर्गाच्या कपाटात आहेत. सगळ्यात वरच्या फळीवर, बरं का! आणि ज्याने विचारलं होतं, "भूत का सुपरहिरो", त्याला उत्तर मिळालंय. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या मामाला विचारा.